डिस्क गेली तरी ॲरे चालू आहे, मग घाई कसली?

वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरं

या अंकासाठी आलेली पत्रं इंदूर शहरातली, सांवेर रोडची आणि पीथमपूरची आहेत. विषय एकच, स्टोरेज ॲरेची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठवणीची, देखभाल. बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास आहे : ‘सध्या तरी सगळं चालू आहे.’ आम्हाला काळजी वाटते ती याच वाक्याची. एक भाग बिघडला तरी काम थांबू नये, यासाठीच ॲरे बनवलेला असतो. त्यामुळे पहिला बिघाड कुणाला जाणवतच नाही, आणि दुसरा होतो तेव्हा डेटा गेलेला असतो.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा १२ डिस्कच्या ॲरेवर साठवतो. प्रत्येक डिस्क ८ टीबीची, रेड-५ (डेटा आणि तो परत मिळवण्यासाठीची बेरीज, म्हणजे पॅरिटी, सगळ्या डिस्कवर पसरून ठेवणारी मांडणी). परवा स्लॉट ७ चा दिवा अंबर झाला. काल स्लॉट ३ ला ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ आलं. हॉट स्पेअर (आपोआप जागा घेणारी राखीव डिस्क) नाही. नवीन डिस्क दोन दिवसांत येतील. तोवर स्लॉट ३ ची डिस्क काढून ठेवावी का? — एक वाचक, जुनं पलासिया

उत्तर : अजिबात काढू नका. रेड-५ एका डिस्कचं जाणं सहन करतं, आणि ती एक तुमची गेलेली आहे. स्लॉट ३ ची डिस्क आजारी असली तरी काम करते आहे. ती बाहेर आली की सगळा ॲरे त्याच क्षणी बंद पडेल. ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ म्हणजे खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) वाढताहेत, डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे, इतकंच. जी गेली आहे तिची जागा आधी भरायची, जी जाणार आहे तिच्याकडे नंतर वळायचं. हा क्रम उलटा झाला की परतीची वाट उरत नाही.

हातात असलेले दोन दिवस बॅकअपसाठी वापरा. बॅकअपमध्ये एखादी फाइल वाचता आली नाही तर ती एकच फाइल जाते. रीबिल्डमध्ये, म्हणजे गेलेल्या डिस्कचा मजकूर नव्या डिस्कवर पुन्हा तयार करताना, मात्र उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो, तिथे डेटा असो वा नसो. तुमच्या बाबतीत ११ डिस्क गुणिले ८ टीबी, म्हणजे ८८ टीबी वाचन. सर्व्हर वर्गातल्या डिस्कच्या माहितीपत्रकात सहसा लिहिलेलं असतं की १० चा १५ वा घात इतके बिट वाचताना वाचता न येणारा सेक्टर जास्तीत जास्त एकदा येईल. इतके बिट म्हणजे १२५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात, पण ८८ आणि १२५ हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की इतक्या मोठ्या डिस्कना रेड-५ का नको, ते कळतं. घरगुती वर्गाच्या डिस्क असतील तर हीच मर्यादा अवघी १२.५ टीबी असते. असा सेक्टर मध्येच आला तर काही कंट्रोलर (ॲरे चालवणारी कार्डं) तेवढ्या पट्ट्याला (डिस्कांवर पसरलेल्या डेटाच्या तुकड्याला) ‘पंक्चर्ड’ अशी खूण करून पुढे जातात, काही रीबिल्ड तिथेच सोडून देतात. शिवाय तुमच्या बाराही डिस्क बहुधा एकाच खोक्यातून आल्या असतील, सगळ्यांचे चालू तास सारखेच असतील. त्यामुळे एक गेली की बाकीच्या ठणठणीत आहेत असं धरून चालू नये.

बॅकअपचा क्रम असा ठेवा : आधी प्रतिमांचा डेटाबेस, मग चालू वर्षाच्या प्रतिमा, मग जुन्या. डेटाबेसशिवाय प्रतिमा कुणाच्या आहेत हे शोधणं फार अवघड जातं.

आता डिस्क बदलण्याबद्दल. ॲरेच्या सॉफ्टवेअरमधून गेलेल्या डिस्कचा सिरियल नंबर कागदावर लिहून घ्या आणि ‘लोकेट’ दिवा चालू करा. समोरच्या कुठल्या डिस्कचा दिवा लुकलुकतो ते डोळ्यांनी पाहा. केवळ मोजून हात घालू नका. काही ॲरेत स्लॉटची मोजणी ० पासून असते, काहींत १ पासून, आणि काहींत उभी. चांगली डिस्क बाहेर येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. लॅच उघडून डिस्क साधारण ३ सेंटीमीटर बाहेर ओढा, म्हणजे मागचा कनेक्टर सुटेल, आणि तिथेच ३० सेकंद थांबा. आतल्या तबकड्या अजून फिरत असतात. फिरती डिस्क झटक्याने बाहेर काढून वाकडी केली की हातात तिचा पिळा जाणवतो. त्या वेळी हेड तबकडीला घासू शकतं, आणि एखाद्या वेळी याच डिस्ककडून डेटा काढून घ्यायची पाळी येते. तबकड्या थांबल्या की डिस्क पूर्ण काढून लेबलवरचा सिरियल नंबर कागदाशी ताडून बघा. मिनिटभर थांबून नवी डिस्क सरळ आत सरकवा आणि लॅच ‘टक्’ आवाज येईपर्यंत बंद करा. अर्धवट बसलेली डिस्क दोन दिवस चालते आणि मग पुन्हा ‘गेली’ म्हणून दिसते.

नवी डिस्क त्याच प्रकारची, तितक्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. दोन कंपन्यांच्या ‘८ टीबी’ डिस्कमध्ये काही सेक्टरांचा फरक असू शकतो, आणि थोडेसे सेक्टर कमी पडले तरी कंट्रोलर ती डिस्क नाकारतो.

वेळ किती लागेल? ताशी हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० एमबी या वेगाने ८ टीबी लिहायला ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तास. दिवसभर सीटी स्कॅन चालू राहिले तर दोन-तीन दिवस धरा. बऱ्याच कंट्रोलरांत रीबिल्डचा वाटा मुळात ३० टक्के ठेवलेला असतो. रात्री तो वाढवा, सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी परत खाली आणा. स्लॉट ७ पूर्ण होऊन ॲरे ‘ऑप्टिमल’ दिसला की मग स्लॉट ३. तिथे कंट्रोलरमध्ये ‘कॉपीबॅक’ किंवा ‘रिप्लेस मेंबर’ अशी सोय असेल तर तीच वापरा. आजारी डिस्क ॲरेत ठेवूनच तिचा मजकूर नवीवर उतरतो आणि ॲरे मधल्या काळात उघडा पडत नाही. त्यासाठी एक रिकामा स्लॉट लागतो. तुमचे बाराही भरलेले असतील तर पुन्हा एकदा बॅकअप घेऊन साधी अदलाबदल करावी लागेल.

हे निभावलं की दोन डिस्कचं जाणं सहन करणाऱ्या रेड-६ वर या आणि एक हॉट स्पेअर ठेवा. दोन डिस्कची जागा कमी होईल, त्याला इलाज नाही. पॅट्रोल रीड बंद असेल तर चालू करा. आठवड्यातून एकदा ते सगळे सेक्टर वाचून पाहतं आणि खराब सेक्टर बाकीच्या डिस्क धडधाकट असतानाच सापडतो.

प्रश्न : कारखान्याचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर दहा दिवसांपासून फार हळू झालं आहे. व्हाउचर सेव्ह करताना पाच-सहा सेकंद थांबतं. डिस्क सगळ्या हिरव्या आहेत. लॉगमध्ये फक्त रेड कार्डच्या बॅटरीचा इशारा आहे. एकाने सांगितलं की ‘फोर्स राइट बॅक’ केलं की वेग परत येतो. करावं का? — एक वाचक, सांवेर रोड

उत्तर : वेग येईल हे खरं, पण करू नका.

बॅटरी चांगली असते तेव्हा कार्ड डेटा आपल्या मेमरीत घेऊन लगेच ‘लिहिलं’ असं सांगतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. बॅटरी गेली की कार्ड स्वतःहून राइट-थ्रू पद्धतीवर येतं, म्हणजे डिस्कवर प्रत्यक्ष उतरल्याशिवाय होकार देत नाही. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण ८० फुटकळ कामं करते. सहा डिस्क धरल्या तर ४८०. रेड-५ मध्ये एका छोट्या लेखनाला चार कामं पडतात : जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. उरली सेकंदाला १२० लेखनं. एका व्हाउचरमागे अशी अनेक लेखनं होतात, त्यामुळे वीस जण एकदम व्हाउचर टाकत असतील तर पाच सेकंद लागणारच. तेव्हा डिस्क बदलून किंवा सर्व्हरची मेमरी वाढवून फरक पडणार नाही.

‘फोर्स राइट बॅक’ केल्यावर बॅटरी नसतानाही कार्ड खोटा होकार देऊ लागतं. मग लाईट गेली, पॉवर सप्लाय जळला किंवा कुणी बटण दाबून सर्व्हर बंद केला, तर मेमरीतला डेटा नाहीसा होतो. डेटाबेसला मात्र तो लिहिला गेला असंच वाटत असतं. नंतर तो उघडत नाही, किंवा त्याहून वाईट, उघडतो पण खतावणी जुळत नाही. ‘आमच्याकडे यूपीएस आहे’ हे यावर उत्तर नाही. यूपीएस पॉवर सप्लायच्या आधी असतो, पुढे जे बिघडतं ते त्याच्या हातात नसतं.

बॅटरी बदला. लिथियम बॅटरीचं आयुष्य साधारण तीन वर्षं धरावं. कार्डावरची असेल तर सर्व्हर बंद करून बदलावी लागते; दोन कंट्रोलरच्या ॲरेत बहुतेक वेळा चालू असताना बदलता येते. नवी बसवल्यावर चार्ज व्हायला काही तास जातात, तोवर वेग आहे तसाच राहील, घाबरू नका. कपाटात वर्षानुवर्षं पडलेली ‘नवी’ बॅटरी घेऊ नका. लेबलवरची तारीख पाहा. जुनी फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, वेगळी ठेवून ई-कचऱ्यात द्या. पुढच्या वेळी कार्ड घेताना सुपरकॅपॅसिटर (थोडा वेळ वीज पुरवणारा) आणि फ्लॅश (विजेशिवाय टिकणारी मेमरी) असलेलं घ्या. वीज गेल्यावर बॅटरीवर डेटा फार तर दोन-तीन दिवस टिकतो, फ्लॅशवर उतरलेल्या डेटाला ती घाई नसते.

एक गोष्ट वेगळी ओळखा. काही कार्डं दर काही महिन्यांनी बॅटरी स्वतः उतरवून पुन्हा भरतात. त्याला ‘लर्न सायकल’ म्हणतात, आणि त्या वेळी काही तास असाच संथपणा येतो. तो आपोआप जातो. दहा दिवस राहिला तर मात्र बॅटरी गेली.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सर्व्हरला १२ डिस्कचं बाहेरचं शेल्फ जोडलेलं आहे. रविवारी लाईट गेली, यूपीएस उतरला. लाईट आल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण व्हॉल्यूम (ॲरेवरची डेटाची जागा, जी सर्व्हरला एकच डिस्क म्हणून दिसते) नाही. स्क्रीनवर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असं येतं आणि ‘क्लिअर’ व ‘इम्पोर्ट’ असे दोन पर्याय. फोनवर एकाने क्लिअर करायला सांगितलं आहे. — एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : क्लिअर करू नका. नवा व्हॉल्यूम बनवू नका. ‘इनिशिअलाइझ’ला तर हातच लावू नका. तुमचा डेटा फार करून जागेवर आहे.

झालं असं असावं : लाईट आल्याबरोबर सर्व्हर आणि शेल्फ दोन्ही एकदम उठले. शेल्फच्या डिस्क फिरायला वेळ लागतो, एकेक करून फिरतात. सर्व्हरच्या कार्डाने त्याआधीच पाहणी केली, त्याला डिस्क दिसल्या नाहीत. मग त्या आल्या तेव्हा ‘या माझ्या नाहीत, परक्या आहेत’ अशी त्याने नोंद केली. ॲरेत कुठली डिस्क कितवी, पट्टा केवढा, हा नकाशा प्रत्येक डिस्कवर लिहिलेला असतो. ‘क्लिअर’ हाच नकाशा पुसतं. डेटा राहतो, पण तो जुळवणारं काही राहत नाही.

सर्व्हर बंद करा. शेल्फही बंद करा. एसएएस केबल (सर्व्हर आणि शेल्फ जोडणारी) दोन्ही टोकांना हाताने दाबून पाहा, आधी ज्या पोर्टला होती त्याच पोर्टला आहे ना बघा. फक्त शेल्फ चालू करा आणि बाराही दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, दोन-तीन मिनिटं. मग सर्व्हर. पुष्कळदा इतक्यानेच व्हॉल्यूम परत येतो. नाही आला तर ‘इम्पोर्ट’मध्ये जाऊन आधी फक्त प्रिव्ह्यू पाहा. त्यात बाराही सदस्य आणि ‘ऑप्टिमल’ दिसलं तर इम्पोर्ट करा.

एखादी डिस्क वेगळ्या गटात किंवा ‘मिसिंग’ दिसली तर तिथे थांबा. ती डिस्क लाईट जाण्याच्या आधीपासूनच बाहेर पडलेली असू शकते, म्हणजे तिच्यावर जुना डेटा आहे. तिला जबरदस्तीने ऑनलाइन आणलं तर जुनं आणि नवं मिसळतं, आणि ते नंतर कुणालाही वेगळं करता येत नाही. जुन्या लॉगमध्ये ती कधी पडली ते शोधा. तिला बाहेर ठेवून बाकीच्यांवर ॲरे ‘डिग्रेडेड’ अवस्थेत आणा आणि त्या जागी नवी डिस्क घाला. ‘प्रिझर्व्ड कॅश’ असा संदेश आला तर तोही टाकून देऊ नका. लाईट जाताना जो डेटा उतरायचा राहिला तो त्यात आहे. व्हॉल्यूम परत आला की कार्ड तो आपणहून लिहितं. त्यानंतर व्हॉल्यूम प्रथम फक्त वाचण्यापुरता जोडा, खाती उघडून पाहा, बॅकअप घ्या, आणि मगच काउंटर सुरू करा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून सर्व्हरच्या बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ ही सोय बंद करा किंवा काही मिनिटांचा विलंब द्या. चालू करण्याचा क्रम : स्विच, शेल्फ, कंट्रोलर, सर्व्हर. बंद करताना नेमका उलटा. हा क्रम रॅकच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवा, कारण रविवारी तिथे जो असेल त्याला तो पाठ असेलच असं नाही. शेल्फचे दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर असतील तर दोन असून उपयोग नाही. दोन यूपीएस घ्या आणि प्रत्येकावर ४० टक्क्यांच्या वर भार ठेवू नका. एक गेला की दुसऱ्याला सगळं पेलायचं आहे. एकच यूपीएस परवडत असेल तर दुसरा सप्लाय सर्ज प्रोटेक्टरमधून सरळ मेनवर द्या. निदान यूपीएस बिघडला म्हणून शेल्फ पडणार नाही.

प्रश्न : जेल रोडवरून ॲरेमधून निघालेल्या ४ टीबीच्या एसएएस डिस्क स्वस्तात मिळाल्या. सर्व्हरला दिसतात, पण वापरता येत नाहीत. खराब आहेत का? — एक वाचक, सुदामानगर

उत्तर : बहुधा नाहीत. बरेच मोठे ॲरे ५१२ बाइटऐवजी ५२० बाइटचे सेक्टर वापरतात. जास्तीच्या ८ बाइटमध्ये तपासणीची बेरीज असते. साध्या सर्व्हरला ही मांडणी चालत नाही. रेड कार्ड नव्हे तर साधं एचबीए (रेड न करता डिस्क नुसती जोडून देणारं कार्ड) जोडून, लिनक्सवर ‘एसजी फॉरमॅट’ या साधनाने सेक्टर ५१२ करून फॉरमॅट द्या. डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. सेकंदाला १५० एमबी धरले तर ४ टीबीला साडेसात तास लागतात, तोवर वीज जाऊ देऊ नका. मध्येच तुटलं तर डिस्क ‘फॉरमॅट करप्ट’ सांगते. बहुतेक वेळा फॉरमॅट पुन्हा पूर्ण केलं की सुधारते.

मग स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात) दोन आकडे पाहा. ‘ग्रोन डिफेक्ट’ (वापरात खराब झालेले सेक्टर) शून्य किंवा मोजके हवेत, आणि दोन दिवस पूर्ण लिहून-वाचून झाल्यावर ते वाढता कामा नयेत. चालू तास ४३,८०० म्हणजे सलग पाच वर्षं. अशा डिस्क बॅकअपच्या दुसऱ्या प्रतीसाठी ठीक आहेत. चालू कामाच्या ॲरेत घालू नका.

प्रश्न : एएमसीवाले (वार्षिक देखभालीचे कंत्राटदार) दरवेळी फर्मवेअर (डिस्क आणि कंट्रोलरमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेट करा म्हणतात. चालत्या ॲरेला हात का लावायचा? — एक वाचक, पीथमपूर

उत्तर : काही दोष फर्मवेअरमध्येच दडलेले असतात आणि रेड त्यांच्यापुढे हतबल असतं म्हणून. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ) स्वतः जाहीर केलं होतं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, आणि ना डिस्क परत येईल ना डेटा. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. दिवसांत ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. मार्च २०२० मध्ये आणखी काही एसएसडींसाठी असाच इशारा आला, तिथे आकडा होता ४०,०००. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्कचे तास एकाच वेळी भरतात. रेड-६ असो की दोन स्पेअर असोत, सगळ्या एकदम जाणार असतील तर त्यांचा काय उपयोग? त्यावर उपाय एकच होता, तास भरण्याआधी नवं फर्मवेअर.

म्हणून ‘दरवेळी’ नको, पण ‘कधीच नाही’ हेही नको. नव्या आवृत्तीची टिपणं वाचा. डेटा जाण्याशी किंवा डिस्क पडण्याशी संबंधित सुधारणा असेल तर त्याच महिन्यात करा. नुसती नवी सोय आली असेल तर थांबा. एचबीए आणि ऑपरेटिंग सिस्टिमशी ती आवृत्ती जुळते का, हे कंपनीच्या सुसंगतता यादीत तपासा.

करण्याआधी प्रत्येक सर्व्हरवर ॲरेपर्यंतचे मार्ग मोजा. सर्व्हरचे दोन पोर्ट आणि प्रत्येकातून ॲरेचे दोन पोर्ट दिसत असतील तर चार मार्ग हवेत. तीनच दिसले तर आधी चौथा शोधा; फायबरच्या टोकावरची धूळ हे नेहमीचं कारण. अपडेटच्या वेळी कंट्रोलर एकेक करून बंद होतो. ज्या सर्व्हरचे सगळे मार्ग त्या एकाच कंट्रोलरकडे जात असतील, त्याची डिस्क तिथेच नाहीशी होते. दोन्ही कंट्रोलरांवर मिळून भार एकाला झेपेल इतका आहे ना, ॲरे ‘ऑप्टिमल’ आहे ना, बॅकअप ताजा आहे ना, हे पाहा. लॉगचा पूर्ण संच आधी काढून ठेवा. डिस्क बदलणं आणि फर्मवेअर एका दिवशी करू नका. काही बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही.

प्रश्न : मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी १६ वर ठेवतो. पुरेसं आहे का? — एक वाचक, पीथमपूर

उत्तर : १६ ची गरज नाही, आणि एसीवरचा आकडा उपयोगाचा नाही. थर्मामीटर रॅकच्या पुढच्या बाजूला, वरच्या शेल्फसमोर लावा. तिथे आत जाणारी हवा १८ ते २७ अंश असली की झालं. रिकाम्या स्लॉटमध्ये डमी पट्ट्या घाला, नाहीतर हवा वाट सोडून तिथूनच पळते आणि शेजारच्या डिस्क तापतात. माळव्यातली काळ्या मातीची धूळ बारीक असते, पावसाआधी फिल्टर धुवून घ्या. जुलैत तापमानापेक्षा ओलाव्याकडे पाहा, ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. दिवाळीच्या सफाईत चालू ॲरेवर ब्लोअर मारू नका. आतली धूळ उडून कनेक्टरमध्ये बसते. आणि एसीचं पाणी वाहून नेणारा पाइप रॅकच्या वरून जात असेल तर तो या आठवड्यातच बाजूला घ्या.